मुक्त शिक्षणाचे दालन : संधी आणि मर्यादा

शिक्षण अर्धवट सोडून नोकरीधंद्याला लागलेल्या माणसाला, घराबाहेर पडू न शकणाऱ्या गृहिणीला आणि महाविद्यालयापासून दूर राहणाऱ्या खेडुताला पुन्हा विद्यार्थी होता यावे, हा मुक्त शिक्षणाचा मूळ हेतू होय. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. आपल्या देशात १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले.

इंटरनेटमुळे या कार्याचा व्याप वाढला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने आपले पाठ्यसाहित्य सर्वांना विनामूल्य खुले करण्याचे २००१ साली जाहीर केले. ९ जुलै २०१७ रोजी केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या व्यवस्थेचे उद्घाटन झाले. ध्वनिचित्रित व्याख्याने, वाचनसाहित्य, स्वयंचाचण्या आणि शंकानिरसनासाठी चर्चा ही तिची चार अंगे आहेत. जेथे इंटरनेट पोहोचत नाही, तेथे ‘स्वयंप्रभा’च्या दूरचित्रवाणी वाहिन्यांवरून पाठ पाहता येतात.

‘स्वयम्’वर नाव नोंदविणे व शिकणे विनामूल्य आहे, मात्र प्रमाणपत्रासाठी शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमानुसार एखाद्या सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत विषय या मार्गाने पूर्ण करण्यास शिक्षणसंस्था मान्यता देऊ शकते. तथापि, आपली संस्था कोणता अभ्यासक्रम ग्राह्य धरते, याची विद्यार्थ्याने आधीच लेखी खात्री करून घेणे हिताचे ठरेल.

दार उघडे असले तरी आत येणारे सर्वच शेवटपर्यंत टिकतात असे नाही. हार्वर्ड व एमआयटी यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची २०१९ साली पाहणी प्रसिद्ध झाली. तीनुसार २०१७-१८ मध्ये सहभागी झालेल्या शंभरांपैकी जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता आणि सहभागातील वाढ मुख्यत्वे संपन्न देशांतच झाली होती. म्हणजे ज्यांच्यासाठी हे दालन उघडले, तेच बाहेर राहण्याचा धोका आहे. घरात एकच मोबाइल, व्याख्यानाची भाषा अपरिचित आणि अडले तर विचारावयास जवळ कोणी नाही, अशा स्थितीत केवळ फी माफ असून भागत नाही.

येथेच शिक्षक व ग्रंथपाल यांचे साहाय्य मोलाचे ठरते. गावातील पाच-सहा जणांनी एकच अभ्यासक्रम निवडावा, आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेत किंवा वाचनालयात एकत्र बसून पाठ पाहावा आणि शिक्षकांनी कठीण शब्द मराठीतून समजावून द्यावेत. परीक्षेच्या नोंदणीची मुदत सूचना-फलकावर लावावी. यासाठी मोठा खर्च येत नाही. नियमितपणा मात्र लागतो. पहिल्या पाठाला आलेला विद्यार्थी शेवटच्या पाठालाही हजर असेल, तरच हे शिक्षण खऱ्या अर्थाने मुक्त झाले असे म्हणता येईल.