मराठवाडा विद्यापीठाचे दोन ऑगस्ट

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. वीस वर्षांनंतरचा ऑगस्ट मात्र भीतीचा होता.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. याच शहरात १९५० मध्ये बाबासाहेबांनी कॉलेज काढलं होतं, तरीही विरोध पेटला. मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. हे सत्र ऑगस्टमध्येही सुरूच राहिलं आणि ठराव अडकला.

नाव लागलं ते थेट १४ जानेवारी १९९४ ला. तेही 'मराठवाडा' शब्द कायम ठेवून, म्हणून हा 'नामविस्तार'. दोन्ही वेळी मुख्यमंत्री होते शरद पवार.