लांब ब्रेकची बदनामी

जुन्या रेसर सायकलीला नवी चाके बसवली की एक तक्रार हमखास ऐकू येते: लांब हाताचे ब्रेक नीट लागत नाहीत. दांडी दाबावी तर ती हँडलला टेकते, उतारावर सायकल आवरत नाही, आणि खापर फुटते ते ब्रेकच्या लांबीवर. हा निवाडा घाईचा आहे. लांबीमुळे जोर कमी होतो हे खरे, पण किती कमी होतो ते मोजता येते. मोजल्यावर दिसते की खरा बिघाड बहुधा दुसरीकडेच असतो.

मुळात असे ब्रेक लागतात कशाला? 1970च्या दशकात ब्रिटन-अमेरिकेत खपलेल्या दहा गिअरच्या सायकलींना सहसा 27 इंची चाके असत. टायर जिथे रिमवर बसतो तिथला त्यांचा व्यास 630 मिमी. आजच्या 700सी चाकाचा तोच व्यास 622 मिमी. टायरच्या कडेवर 32-630 किंवा 28-622 असे छापलेले असते. त्यातला दुसरा आकडा हाच. व्यासात 8 मिमीचा फरक, म्हणजे रिमची कड 4 मिमी खाली सरकते आणि ब्रेक-रबरालाही तेवढेच खाली यावे लागते. जाड टायरसाठी 650बी चाक घेतले तर व्यास 584 मिमी, आणि 700सीच्या मानाने रबर तब्बल 19 मिमी खाली. मधल्या बोल्टाच्या केंद्रापासून रबराच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे ब्रेकचा पल्ला. नेहमीच्या रेसर ब्रेकचा पल्ला साधारण 39 ते 49 मिमी असतो, त्यापुढचा 47 ते 57 आणि त्याहून लांब 55 ते 73. आपल्याकडच्या 28 इंची काळ्या सायकलींचे सळयांनी ओढले जाणारे ब्रेक मात्र रिमला आतून लागतात, त्यामुळे हा हिशेब त्यांना लागू नाही.

आता जोराचा प्रश्न. अडकित्त्यात सुपारी सांध्याजवळ धरली तर सहज फुटते, टोकाशी धरली तर हात दुखतो, ब्रेकचेही तसेच. 47-57च्या ब्रेकमध्ये रबर खाचेच्या वरच्या टोकाऐवजी खालच्या टोकाला बसवले, तर 47 भागिले 57 या हिशेबाने जोर सुमारे 17 टक्क्यांनी घटतो. हा तोटा जाणवतो, पण त्याने ब्रेक निकामी होत नाही. शिवाय केबल ओढणारा वरचा हातही त्याच प्रमाणात लांब घडवलेला असेल, तर तोटा आणखी कमी. म्हणून नियम सोपा: आपले माप ज्याच्या पल्ल्यात बसते असा सर्वांत आखूड ब्रेक घ्यावा. माप 56 मिमी आले, तर 73पर्यंत जाणारा ब्रेक ‘असू दे जरा जास्त’ म्हणून घेण्यात अर्थ नाही.

यावर आक्षेप असा की लांब हात दाबाखाली वाकतात आणि दांडी लुसलुशीत लागते. स्वस्त, पातळ पत्र्याच्या ब्रेकबाबत हे बरोबर आहे. दोन खिळींवर फिरणाऱ्या जाड ॲल्युमिनियमच्या ब्रेकमध्ये मात्र हा दोष बराच कमी. उलट, ज्याकडे कोणी बघत नाही अशी कारणे अधिक नडतात. क्रोम चढवलेली लोखंडी रिम पावसात ओली झाली की उत्तम ब्रेकही हतबल होतो. ॲल्युमिनियमची रिम बसवल्याने जो फरक पडतो, तो ब्रेक बदलून पडत नाही. दुसरे कारण म्हणजे दांडीची चुकीची जोडी. व्ही-ब्रेकची दांडी जवळजवळ दुप्पट केबल ओढते. ती या ब्रेकला जोडली तर दाब कडक लागतो, पण सायकल थांबत नाही.

खरेदीपूर्वी चाक नीट बसवून बोल्टाच्या भोकाच्या केंद्रापासून रिमच्या घासपट्टीच्या मध्यापर्यंत सरळ खाली मोजावे. पुढचे आणि मागचे माप वेगळे असू शकते, तेव्हा दोन्ही घ्यावीत. जुन्या सांगाड्यात बोल्ट आरपार जाऊन बाहेर नट लागतो, नव्या ब्रेकचा नट भोकात बुडतो. जो प्रकार बसेल तोच मागावा. बसवताना रबराची वरची कड रिमच्या कडेखाली एक-दोन मिमी राहावी. रबर टायरला घासले तर टायर फाटतो, रिमखाली घसरले तर आऱ्यांत अडकू शकते. रबराचे पुढचे टोक मागच्यापेक्षा किंचित आधी रिमला टेकवले की किंचाळणे बहुधा थांबते. शेवटी दांडी जोरात दाबून धरावी, केबल ताणून बसू द्यावी आणि मग पुन्हा आवळावी.

डिस्क ब्रेक असताना हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. नवी सायकल घेणाऱ्याने डिस्क जरूर घ्यावा. पण जुन्या सांगाड्यावर डिस्कसाठी लागणारे आधार नसतात आणि चिमटाही त्या ताणासाठी घडवलेला नसतो. तिथे लांब ब्रेक हाच शहाणा पर्याय, आणि त्याच्या यशापयशाचा निकाल दुकानात नव्हे, मोजपट्टीवर लागतो. तेव्हा आधी मोजा, मग पैसे मोजा.