पन्नास रुपयांचा दंड

नोव्हेंबर १९६७ मध्ये केरळचे तत्कालीन मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांनी त्रिवेंद्रमच्या पत्रकार परिषदेत न्यायसंस्थेविषयी आपले मार्क्सवादी मत मांडले. न्यायसंस्था हे दडपशाहीचे साधन आहे, न्यायाधीशांच्या मनावर वर्गीय पूर्वग्रहांचा पगडा असतो आणि पुरावा समसमान असला की त्यांचा कल श्रीमंताकडे झुकतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कोणा एका न्यायाधीशाचे नाव त्यांनी घेतले नव्हते.

तरीही केरळ उच्च न्यायालयाने बहुमताने त्यांना दोषी ठरवून हजार रुपये दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये दोष कायम ठेवला. दंड मात्र पन्नास रुपयांवर आणला. मार्क्स व एंगल्स मुख्यमंत्र्यांना नीट उमगलेले नाहीत, असाही निर्वाळा सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी दिला. मार्क्सचा अर्थ लावणे हे न्यायपीठाचे काम खचितच नव्हे!

पुढे १९८७ मध्ये केंद्रीय विधिमंत्री पी. शिवशंकर हैदराबादेत याहून तिखट बोलले. सर्वोच्च न्यायालयाला धनिकांविषयी सहानुभूती आहे, समाजविघातक मंडळींना तेथे आसरा मिळतो, असा त्यांचा रोख होता. १९८८ मध्ये त्याच न्यायालयाने हा अवमान नव्हे, असे ठरविले. टीका एकाच जातीची, निकाल मात्र दोन.

निकालावर टीका करावी, न्यायाधीशाच्या हेतूवर करू नये, अशी मर्यादा सांगितली जाते व ती रास्तही आहे. १९७१ चा कायदा न्याय्य टीकेला अवमान मानीत नाही. सद्हेतूने व लोकहितार्थ सांगितलेले सत्य हा बचाव २००६ मध्ये त्यात आला. परंतु टीका न्याय्य की अन्याय्य, हे ठरविणार तीच संस्था, जिच्यावर टीका झाली. प्रशांत भूषण यांना २०२० मध्ये एक रुपया दंड झाला; तो न भरल्यास तीन महिने कैद व तीन वर्षे त्या न्यायालयात वकिलीस बंदी होती. दंडाच्या रकमेवरून म्हणूनच काही कळत नाही. खरी किंमत अनिश्चिततेची आहे. मंत्र्यामागे नामांकित वकील उभे राहतात. एखाद्या निकालावर चार ओळी लिहू पाहणारा शिक्षक किंवा कारकून लेखणी खाली ठेवतो. त्या न लिहिलेल्या मजकुराची नोंद कोणत्याच दप्तरी होत नाही.

ज्या इंग्लंडकडून ही कल्पना आपण घेतली, तेथे न्यायालयाची बदनामी हा अपराध २०१३ मध्ये रद्द झाला. भारताच्या विधी आयोगाने २०१८ मध्ये मात्र कायदा आहे तसाच ठेवावा, असे सुचविले. तो उद्या गेला तरी उच्च व सर्वोच्च न्यायालयांचा शिक्षेचा अधिकार संविधानातच, १२९ व २१५ या अनुच्छेदांत, शिल्लक राहतो.