पाठीवर पुस्तक असलेला फोन

भर दुपारी अंगणात बसून मोबाइलवर पुस्तक वाचून पाहा. अक्षरे दिसेनाशी होतात. छापील पुस्तकाचे मात्र उलट! ऊन लख्ख असले की त्याची अक्षरे अधिकच ठसठशीत दिसतात. असे का व्हावे? मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश देतो आणि सूर्यापुढे तो फिका पडतो. कागद केवळ बाहेरचा प्रकाश परावर्तित करतो.

रशियातील योटा डिव्हायसेस या कंपनीने हे दोन्ही पडदे एकाच यंत्रात बसवले. डिसेंबर २०१३ मध्ये आलेल्या योटाफोनला पुढे रंगीत पडदा होता, तर पाठीवर ‘ई-इंक’चा काळा-पांढरा.

ही शाई मोठी गमतीची आहे. पडद्यात असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीतील पारदर्शक द्रवात धनभारित पांढरे व ऋणभारित काळे कण तरंगतात. समान भार एकमेकांना दूर लोटतात, हे तुम्ही शिकलाच आहात. कुपीमागे धनभार दिला की पांढरे कण पुढे ढकलले जातात, काळे मागे खेचले जातात; तो ठिपका पांढरा दिसतो. ऋणभार दिला की काळा.

खरी खुबी पुढेच आहे. वीज तोडली तरी कण जागा सोडत नाहीत. वीज खर्ची पडते ती पान उलटताना. बॅटरी पार संपली, तरी उघडे पान दिसतच राहते!

पण द्रवातून सरकायला कणांना वेळ लागतो, म्हणून चित्रपटासाठी हा पडदा निरुपयोगी. शिवाय योटाफोनच्या पाठीला दिवा नव्हता. रात्री वाचायचे तर पुस्तकासारखाच कंदील जवळ घ्यायचा. कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत निघाली.