विश्लेषण : पावसात जुनी गाडी बंद का पडायची?
मुंबईच्या पावसात पद्मिनी टॅक्सी बंद पडली, की चालक बॉनेट उघडून आधी डिस्ट्रिब्यूटरचे झाकण पुसत असे. बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह पॉइंट उघडताच तुटतो आणि कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात. झाकणातला फिरता रोटर ते चारही प्लगना पाळीपाळीने देतो. आत ओल शिरली, की वीज भलतीकडे जाते आणि ठिणगी पडत नाही. पॉइंटही झिजत.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये पॉइंटचे काम सेन्सर आणि ट्रान्झिस्टरकडे आले. डिस्ट्रिब्यूटर मात्र राहिला. पुढे अनेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसली, ठिणगीची वेळ संगणक ठरवू लागला आणि डिस्ट्रिब्यूटरही गेला. देखभाल घटली, पण बिघाड शोधायला आता फडके पुरत नाही, स्कॅनर लागतो.