पितळ उजळवण्याचा प्रवास : चिंचेपासून टंबलरपर्यंत

पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. हवा, घाम, धूर आणि ओल लागून त्यावर आधी तपकिरी, मग काळसर आणि दुर्लक्ष झाल्यास हिरवा थर चढतो. तो काढायला तीन कामे लागतात. आंबटाने थर सैल करायचा, खरखरीत वस्तूने तो उचलायचा आणि मग घोटून चकाकी आणायची. गेल्या दीडशे वर्षांत नाशिक परिसरात ही कामे आधी हाताने, मग बफच्या म्हणजे घोटाईच्या कापडी चाकावर आणि त्यानंतर फिरत्या किंवा थरथरत्या यंत्रात, म्हणजे टंबलरमध्ये, होत आली. हंडा-कळशीला लागू पडणारी तत्त्वे काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीलाही लागू पडतात. मात्र पुंगळी पातळ आणि पोकळ असते, शिवाय मोठा दाब सोसण्यासाठीच ती घडवलेली असते. त्यामुळे भांड्यात खपून जाणारी चूक तिथे खपत नाही.

नाशिकला तांब्या-पितळेच्या भांड्यांचा जुना लौकिक आहे. 1883 साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरने इथल्या तांबट-कासारांच्या धंद्याची नोंद घेतली आहे. 1865 मध्ये रेल्वेने थळ घाट ओलांडला आणि मुंबई बंदरात उतरणारा पत्रा घाटमाथ्यावर आणणे सोपे झाले. गोदाकाठी येणारे यात्रेकरू हे हक्काचे गिऱ्हाईक होते. गंगेचे, म्हणजे गोदेचे, पाणी न्यायला गडू, देवघरासाठी समई, घंटा, पळी-पंचपात्र आणि लग्नाच्या आहेरासाठी हंडे-परातींची खरेदी भांडी बाजारातच होई.

ठोकून घट्ट झालेला पत्रा मऊ करण्यासाठी मध्येमध्ये तापवावा लागतो, म्हणून घडणीतून निघालेले भांडे काळेच असते. ते आंबट पाण्यात बुडवून, विटेच्या भुकटीने किंवा बारीक वाळूने घासून आणि शेवटी घोटून विक्रीला ठेवले जाई. घरोघरी हेच काम चिंच आणि राख करीत. चिंचेतले टार्टारिक आम्ल तांब्याचा ऑक्साइड विरघळवते, राख तो खरवडते आणि तिच्यातल्या क्षारामुळे तेलकटपणाही निघतो. पितळी तांब्याला चिंचेचा कोळ लावून तो तसाच तासभर विसरला, तर धुतल्यावर त्यावर गुलाबी डाग दिसतात. ही स्वच्छता नव्हे. आम्लाने पृष्ठभागातले जस्त आधी ओढून घेतलेले असते आणि मागे तांबे उरलेले असते. घासायचे, लगेच धुवायचे आणि कोरडे पुसायचे ही जुन्या घरांतली शिस्त म्हणूनच धातुशास्त्राच्या दृष्टीने अगदी बिनचूक होती. आजच्या टंबलरमध्ये लिंबूसत्व टाकणाऱ्यालाही तीच पाळावी लागते.

याच काळात महाराष्ट्रात पितळाचा दुसरा मोठा उपयोग सुरू झाला. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 मध्ये उभा राहिला. पुंगळीसाठी सुमारे 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असलेले पितळ वापरतात. या प्रमाणात ते थंड अवस्थेतच वाटीपासून लांब नळीपर्यंत ओढता येते. प्रत्येक ओढीनंतर ते कडक होते, म्हणून तापवून मऊ करावे लागते. तापवल्यावर काळे पडले की सौम्य गंधकाम्लात बुडवून धुवावे लागते. सर्वांत शेवटी पुंगळ्या फिरत्या पिंपात घालून कोरड्या आणि चकचकीत करीत. जुन्या कारखान्यांत त्यासाठी लाकडाचा भुसा वापरत. पितळ उजळवणारा टंबलर हा असा मुळात कारखान्यातला आहे. घराच्या पडवीत मावेल असे त्याचे छोटे रूप फार नंतरचे.

पुंगळी स्वच्छ करताना काय टाळायचे, याचा सर्वांत मोलाचा धडा हिंदुस्थानातल्या पावसाळ्याने दिला. ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली असताना त्यांच्या पुंगळ्यांना आपोआप उभ्या चिरा पडू लागल्या. गोळी जिथे घट्ट बसवलेली असते त्या मानेशी या चिरा दिसत. पावसाळ्यातच घडते म्हणून इंग्रजीत या दोषाला ऋतूवरूनच नाव पडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी 1921 मध्ये त्याचे कारण मांडले. ओढण्या-दाबण्यामुळे धातूत साठलेला ताण, घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि हवेतला दमटपणा ही तिन्ही एकत्र आली की पितळ चिरते. कमी आचेवर तापवून ताण सैल केला की धोका बराच घटतो. तेव्हापासूनचा नियम सोपा आहे: अमोनिया असलेले पॉलिश दिव्याला किंवा दाराच्या कडीला चालेल, पण पुन्हा वापरायच्या पुंगळीला ते कधीही लावू नये. चकाकी हवी म्हणून असे पॉलिश टंबलरच्या भरणात, म्हणजे पुंगळ्यांबरोबर फिरणाऱ्या घासणाऱ्या मालात, ओतणे ही या कामातली सर्वांत घातक सवय आहे. तिचे परिणाम त्या दिवशी दिसत नाहीत.

नाशिकचा या पितळाशी संबंध देवळालीच्या छावणीतून आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथे ब्रिटिश सैनिकांचा तळ होता. पुढे तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय आता पाकिस्तानात असलेल्या काकुलहून देवळालीला आले आणि सरावाच्या तोफांचा आवाज शहराच्या ओळखीचा झाला. 25 पौंडी तोफेची पुंगळी पितळेचीच. तिच्या बुडावर तयार झाल्याचे साल, कारखान्याची खूण आणि लॉटचे आकडे ठोकलेले असतात. या पुंगळ्या मोजून परत घेतल्या जात आणि तपासून पुन्हा भरल्या जात. काही निवृत्त होऊन फुलदाणी म्हणून मेसमध्ये आल्या. अशा शोभेच्या पुंगळीला वर्षानुवर्षे खरखरीत भुकटीने घासले की बुडावरची अक्षरे झिजून जातात आणि तिचा इतिहास पुसला जातो. तिथे यंत्र नको आणि वाळू-राखही नको. मऊ फडके आणि संयम पुरतो.

1962 च्या युद्धानंतर संरक्षण उत्पादनाला वेग आला. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि 1963 मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. 1964 मध्ये जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ वरणगावला छोट्या शस्त्रांच्या काडतुसांचा कारखाना सुरू झाला आणि त्याच सुमारास ओझरला विमानांचा. औद्योगिक विकास महामंडळ 1962 चे. त्याच्या सातपूर आणि पुढे अंबडच्या वसाहतींत यंत्रावर कातलेले लाखो लहान सुटे भाग तयार होऊ लागले. प्रत्येक भागाची धार हाताने घासणे अशक्य होते. इथे बॅरल आणि व्हायब्रो ही दोन यंत्रे कारखान्यांच्या रोजच्या बोलण्यात आली.

भांडी बाजाराची वाट मात्र वेगळी झाली. स्टीलने स्वयंपाकघर जिंकले आणि पितळ देवघरात, नाहीतर माळ्यावर गेले. उरलेल्या मालाला बफ मारला जाऊ लागला. चिंच-राखेच्या जागी पितांबरीसारखी तयार पावडर आली. बफची चकाकी डोळे दिपवणारी असली, तरी ती धातू खरवडूनच आलेली असते. जाड घंटेला ते सोसते. पातळ पुंगळीला बफ लावला की भिंत कुठे किती झिजली हे डोळ्यांना कळत नाही. टंबलरमध्ये प्रत्येक नगाला सर्व बाजूंनी हळूहळू आणि सारखाच घास मिळतो. त्याची खरी किंमत या सारखेपणात आहे.

टंबलरचे मुख्य प्रकार दोन. पहिला बॅरलचा. आडवे पिंप रोलरवर फिरते, आतला माल एका बाजूने वर चढतो आणि घसरत खाली येतो. ही घसरण हेच त्याचे काम. पिंप फार वेगाने फिरले तर माल भिंतीला चिकटून नुसता गोल फिरतो आणि काहीच घासले जात नाही. ही मर्यादा काढायला 42.3 या आकड्याला पिंपाच्या मीटरमधल्या व्यासाच्या वर्गमुळाने भागतात. 30 सेंटिमीटर व्यासाला ती मिनिटाला सुमारे 77 फेरे येते. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास वेग ठेवला की काम बरे होते. पिंप आतून रबराचे आणि षट्कोनी किंवा अष्टकोनी असावे. गोल गुळगुळीत पिंपात माल गठ्ठ्याने सरकतो.

दुसरा व्हायब्रो. गोल भांड्याखाली मोटर असते, तिच्या दांड्यावर एका बाजूला वजन असते आणि त्या थरथरीने सारे भरण गोल फिरत वर-खाली होते. हा प्रकार कोरड्या भरणासाठी सोयीचा. तो चालू असताना झाकण काढून नग पाहता येतो, पण आवाज मोठा असतो आणि बेअरिंगला मार जास्त बसतो. परदेशातून आणलेले यंत्र घेताना एक गोष्ट हमखास निसटते. अमेरिकेतली वीज 60 हर्ट्झची, आपली 50 ची. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज जुळते, हर्ट्झ बदलत नाहीत. साधी इंडक्शन मोटर मग सुमारे एक षष्ठांश हळू चालते आणि व्हायब्रोची थरथर मंदावते. त्यापेक्षा इथल्या विजेसाठी बांधलेले, सुटे भाग जवळ मिळतील असे यंत्र घेणे शहाणपणाचे.

खरे तर यंत्रापेक्षा भरणाची निवड अधिक महत्त्वाची आहे. कोरड्या भरणात दोन वस्तू नावाजलेल्या: अक्रोडाच्या कवचाचा भरडा आणि दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भरडा. अक्रोड कडक, तो मळ काढतो. मका मऊ आणि शोषून घेणारा, तो चकाकी देतो. नाशिक जिल्ह्यात, विशेषतः येवला-मालेगाव पट्ट्यात, मका भरपूर पिकतो, पण शेतातून आणलेला दांडा तसाच कुटून चालत नाही. त्याचा भरडा पूर्ण वाळलेला, धूळ चाळून काढलेला आणि एकसारख्या दाण्याचा हवा, नाहीतर पुंगळीच्या बुडातल्या छिद्रात अडकतो. भरणात जुन्या सुती कापडाच्या चार चिंध्या टाकल्या की उडणारी धूळ त्या धरून ठेवतात. कोरड्या पद्धतीत बाहेरची बाजू दोन-तीन तासांत छान होते. आतली काजळी मात्र पुष्कळ उरते.

आतून स्वच्छ हवे असेल तर ओली पद्धत आणि स्टेनलेस स्टीलच्या पिना. साधारण 1.2 मिलिमीटर जाड आणि साडेसहा मिलिमीटर लांब असे त्यांचे प्रचलित माप आहे. वजनाने पाच भाग पिना, दोन भाग पितळ आणि आठ भाग पाणी हे प्रमाण छोट्या पिंपाला चांगले लागू पडते. त्यात भांड्यांचा थोडा साबण आणि चिमूटभर लिंबूसत्व. साबण काजळी पाण्यात तरंगती ठेवतो आणि लिंबूसत्व थर सोडवते. हात सैल सुटून लिंबूसत्व जास्त पडले की चिंचेच्या तांब्यावरचे तेच गुलाबी डाग इथेही उमटतात. पाणी बोअरवेलचे जड असेल तर साबण फुटतो आणि शेवटी पांढरट ठिपके राहतात. अखेरचे खळबळणे मऊ पाण्यात केलेले बरे.

वेळेचा मोह आवरावा लागतो. एक-दोन तासांत काम झाले की थांबावे. पुंगळ्या एकमेकींवर आदळत राहिल्या की तोंडाची कड चेपते आणि आत-बाहेर बारीक काठ उभा राहतो. यंत्र रात्रभर चालू ठेवणाऱ्यांना सकाळी चकाकी मिळते आणि बिघडलेले तोंडही. भरण बाहेर काढताच पाणी ओतून द्यावे, पिना चाळणीने वेगळ्या कराव्यात आणि प्रत्येक पुंगळी उलटी धरून पाहावी. बुडाच्या छिद्रात दोन पिना शेजारी शेजारी आवळून बसल्या तर त्या सहज पडत नाहीत. छिद्राच्या मापाला साजेशी पीन निवडली की हा त्रास मिटतो.

वाळवणे सोपे आहे, पण तिथेच सर्वांत मोठा धोका लपलेला आहे. नाशिकच्या उन्हाळ्यात पत्र्यावर पसरलेल्या पुंगळ्या काही तासांत कोरड्या होतात. पावसाळ्यात भट्टी वापरायची झाली तर ती शंभर अंशांच्या आसपासच ठेवावी. अडीचशे अंशांच्या पुढे कडक केलेले पितळ मऊ पडू लागते आणि पुंगळीचे बूड मऊ झाले तर ती दाब सोसू शकत नाही. वाळल्यावर उजेडात तपासणी होते. मानेवरची उभी चीर, बुडाच्या वरची चमकती आडवी रेघ, हिरवा खड्डा यांपैकी काहीही दिसले की तो नग भंगारात जातो. मळ गेल्याशिवाय ही चिन्हे दिसत नाहीत, आणि पुंगळी स्वच्छ करण्याचे मुख्य कारण हेच आहे. चकाकी त्याच्याबरोबर येते.

भारतात हे काम कोणी करायचे हे कायद्याने आखलेले आहे. शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवता येत नाहीत, म्हणून अमेरिकेसारखा घरगुती पुनर्भरणाचा छंद इथे रुजला नाही. पुंगळ्यांचे टंबलर प्रामुख्याने कारखान्यांतच राहिले. 1 ऑक्टोबर 2021 पासून खडकी आणि वरणगाव हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहेत. नाशिकमध्ये तेच तंत्र घंटा, समईचे भाग, नळाचे तुकडे आणि इतर पितळी सुटे भाग उजळवताना कामाला येते.

एका बाबतीत भांडे आणि पुंगळी यांत मोठा फरक आहे. झाडलेल्या पुंगळीत ठिणगी देणाऱ्या टोपीतले शिसे काजळीच्या रूपाने उरते. कोरड्या भरणाची धूळ म्हणजे शिशाची धूळ. असे यंत्र मोकळ्या हवेत, झाकण घट्ट लावून चालवावे. चाळताना मास्क आणि हातमोजे हवेत आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत. मुलांना तिथून दूर ठेवावे. वापरलेला मक्याचा भरडा चुलीत, खतात किंवा गोठ्यात टाकू नये. ओल्या पद्धतीच्या पाण्यात शिशाबरोबर तांबे आणि जस्तही उतरलेले असते. ते नाल्यात सोडले की गोदावरीत जाते, म्हणून गाळ बसू देऊन वेगळा करावा लागतो. तो गाळ आणि संपलेला भरडा बंद डब्यात साठवून घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे सोपवला जातो.