अनुदानाने नेमके काय साधते?

सरकार उद्योगांना संशोधनासाठी अनुदान देते तेव्हा तो पैसा जनतेचा असतो. म्हणून विचारायला हवे, की तो दिला नसता तर ते संशोधन झालेच नसते का?

आधी अनुदान कशासाठी, ते पाहू. एखाद्या कंपनीने नवे तंत्र शोधले, की इतरही त्यावरून शिकतात. खर्च एकीचा आणि लाभ अनेकांचा! त्यामुळे समाजाला हवे तेवढे संशोधन कंपन्या आपण होऊन करत नाहीत. ही उणीव भरून काढणे हा अनुदानाचा हेतू.

तो साधला का, हे कसे ओळखायचे? अनुदान मिळालेल्या कंपन्या पुढे गेल्या, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. कारण मुळात निवडच चांगल्या कंपन्यांची होते. हुशार मुलांनाच शिकवणी लावली, तर त्यांच्या यशाचे श्रेय शिकवणीला द्यायचे की हुशारीला?

यावर एक युक्ती आहे. ३५ गुण मिळवून उत्तीर्ण झालेला आणि ३४ वर अडकलेला, या दोघांच्या कुवतीत फारसा फरक नसतो. पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, तर तो निकालाचा परिणाम मानता येतो.

अर्थशास्त्रज्ञ सॅब्रिना हॉवेल यांनी हीच युक्ती वापरली. अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने लहान कंपन्यांसाठी संशोधन अनुदानाची योजना सुरू झाली. तेथील ऊर्जा खात्याचे अधिकारी आलेल्या अर्जांची क्रमवारी लावत. हॉवेल यांनी निवडीच्या रेषेच्या जरा वर आणि जरा खाली असलेल्या कंपन्यांची तुलना केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : पहिल्या टप्प्याचे सुमारे दीड लाख डॉलर मिळाल्यास पुढे खासगी जोखीम भांडवल मिळण्याची शक्यता १० टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर गेली. पेटंटही वाढली. पैशाची चणचण असलेल्या नव्या कंपन्यांना फायदा अधिक झाला. दुसऱ्या टप्प्यात मिळणाऱ्या दहा लाख डॉलरांचा मात्र भांडवल मिळण्यावर परिणाम दिसला नाही.

असे का? हॉवेल यांच्या मते पहिल्या रकमेतून कंपनीला आपल्या कल्पनेचा चालता नमुना बनवता येतो. तो पाहिल्यावर गुंतवणूकदाराची शंका कमी होते. म्हणजे रक्कम किती, यापेक्षा ती कोणत्या अडचणीच्या वेळी मिळते, हे महत्त्वाचे.

खताचा परिणाम तपासताना आपण एक वाफा बिनखताचा ठेवतो. सरकारी योजनांची पारखही तशीच करावी लागते.